पेपरातल्या बातमीतून कविता कशी काढायची (आणि मराठीत ती का अडते)

६ जानेवारी जवळ आली की ओळखीच्या शाळांमधून फोन सुरू होतात. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं म्हणून आपल्याकडे तो पत्रकार दिन, आणि मग मुलांकडून पेपराचं काहीतरी करून घ्यायचं असतं. कोणीतरी सुचवतं की ते बातमी काळी करून कविता करतात ना, ते घ्या, सोपं आहे, पोरांना मजा येते, फलकही भरतो. काळं करणं सोपं आहे हो, त्याला काय, पहिलीतलं पोरही करेल. कविता निघत नाही ना त्यातून. मी आठवी-नववीला मराठी शिकवते आणि हा उद्योग दहा-अकरा वर्षं करतेय, त्यातली पहिली दोन वर्षं सपशेल फसली होती, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकते म्हणजे पुढच्या फोनला लिंक पाठवता येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: छापलेली बातमी घ्यायची, तिच्यातले काही शब्द ठेवायचे, बाकीचे झाकायचे. स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही, शब्दांची जागा बदलायची नाही. उरलेले शब्द वरून खाली वाचले की त्यांनी बातमीपेक्षा वेगळं काहीतरी बोललं पाहिजे. याला कोणी फाउंड पोएम म्हणतं, कोणी ब्लॅकआउट, आमच्या वर्गात 'सापडलेली कविता' म्हणतात.

कात्रीने शब्द कापून चिकटवायचा प्रकारही आहे, तो जुना आहे. १९२० साली त्रिस्तान झारा नावाच्या दादावादी (म्हणजे कलेचे रूढ नियम मुद्दाम मोडणाऱ्या गटातल्या) कवीने त्याची कृतीच लिहून ठेवली होती: पेपर घ्या, कात्री घ्या, लेख कापा, शब्द सुटे करून पिशवीत घाला, हलक्या हाताने हलवा आणि एकेक काढून उतरवत जा. हे मी वर्गात करून पाहिलंय. झाली धमाल, पण निघालं काय तर 'मंत्र्यांच्या खड्ड्यांमुळे दुपारी निर्णयाला'. पाच मिनिटं पोरं हसली आणि संपलं. शिवाय सुट्या कागदाच्या चिठ्ठ्यांचा पंखा चालू असलेल्या वर्गात काय होतं ते मी सांगायला नको.

सामान

बातमी, पेन्सिल, खोडरबर, काळा मार्कर, खाली घालायला जुन्या वहीचा पुठ्ठा. बातमी मोठी करून झेरॉक्स काढा, मूळ पेपरवर करू नका. १४१ टक्के टाकलं की ए-४च्या अर्ध्या आकाराचं कात्रण पूर्ण ए-४ वर येतं. वेळ जोडतासाचा ठेवा, एका तासात होत नाही.

बातमी कुठली घ्यायची

इथे मी हुकूमशहा आहे. मुलांना 'आवडेल ती बातमी घ्या' म्हटलं की वर्गातली अर्धी मुलं क्रिकेट घेतात आणि उरलेली पुरवणीतलं सिनेमाचं. दोन्हीत खच्चून विशेषनामं असतात, आणि विशेषनाम ठेवलं की कविता त्या माणसाबद्दलचीच होऊन बसते. अग्रलेख पण नको. त्यात 'धोरणात्मक', 'पार्श्वभूमी', 'अनुषंगाने' असले शब्द, त्यांच्यातून भल्याभल्यांना काही काढता येणार नाही.

चांगल्या बातम्या म्हणजे ज्या कोणी वाचत नाही त्या. पाणीपुरवठा बंद. रविवारचा मेगाब्लॉक. हवामानाचा अंदाज. धरणातला विसर्ग. जाहीर नोटीस. आणि बाजारभाव, तो तर माझा लाडका, कारण त्यात 'भाव' आहे, 'दर' आहे, 'उतरला', 'पडला', 'आवक', 'उठाव' आहे, म्हणजे प्रत्येक शब्दाला दोन पाय. बाजार समितीच्या बातमीतून 'आज भाव नाही' एवढंच ठेवून एका मुलीने बाकी सगळं पान काळं केलं होतं. मी पूर्ण मार्क दिले.

एक पथ्य मात्र पाळाच. अपघात, आत्महत्या, निधनवार्ता, आणि ज्या बातमीत साध्यासुध्या माणसाचं नाव-गाव छापलंय अशी कुठलीही बातमी देऊ नका. एका वर्षी एका मुलाने तालुक्याच्या पानावरची अपघाताची बातमी घेतली, कविता खरंच चांगली झाली, मी कौतुकाने फलकावर लावली. मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी त्यापुढे उभी राहिलेली दिसली, हलेचना. गेलेला माणूस तिचा मामा होता. नाव काळं केलेलं असूनही तिला पहिल्या ओळीतच कळलं होतं, गावात ती बातमी सगळ्यांना पाठ होती. कागद मी त्याच क्षणी काढला, पण तिने वाचायचं ते वाचलं होतं.

आता खरी अडचण

इंग्रजीतून आलेल्या सगळ्या वर्कशीटमध्ये एक वाक्य असतं: जे शब्द तुम्हाला खुणावतील त्यांना गोल करा, बाकीचं काळं करा. पहिल्या वर्षी मी हेच सांगितलं. चाळीसेक पोरं, चाळीसेक काळे कागद, आणि कविता अशा:

पावसामुळे
शेतकऱ्यांचे
नुकसान
भीतीचे

आता ही काय कविता आहे? तार आहे ही, जुन्या काळी पोस्टातून यायची तशी. मी पोरांनाच बोलले, तुम्हाला कल्पनाशक्ती नाही वगैरे, त्याची अजून लाज वाटते, कारण चूक त्यांची नव्हती. इंग्रजीत 'रेन' हा शब्द कुठूनही उचलला तरी 'रेन'च असतो. आपल्याकडे बातमीत 'पाऊस' असा मोकळा सापडतोच किती वेळा? 'पावसामुळे' असतो, 'पावसाने', 'पावसाचा', 'पावसात'. प्रत्येक नामाला शेपटी, आणि ती शेपटी कुठल्यातरी दुसऱ्या शब्दाला बांधलेली. 'शेतकऱ्यांचे' घेतलंत की लगेच प्रश्न येतो, शेतकऱ्यांचे काय? ते 'काय' नपुंसकलिंगी एकवचनी नाहीतर पुल्लिंगी अनेकवचनी हवं, आणि ते बातमीत पुढेच असायला हवं, मागे असून उपयोग नाही. म्हणजे पोराने आवडता शब्द गोल केला की तिथेच तो अडकतो. क्रियापदाचं अजून वेगळं, ते वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं आणि लिंग-वचन मागतं. 'वीज' घेतली आणि पुढे 'पडला' आलं तर संपलं.

तेव्हा खुणावणारे शब्द वगैरे विसरा. मी आता असं करून घेते.

आधी फक्त क्रियापदं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जायचं आणि तिथल्या शब्दाभोवती पेन्सिलने चौकोन करायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही. त्यातही ज्यांना लिंग नाही ती पहिल्यांदा: आहे, नाही, आणि सगळे '-णार'. येणार, राहणार, मिळणार, धावणार. मी येणार, ती येणार, पाऊस येणार, कोणीही येणार, या रूपाला काही फरक पडत नाही, आणि आपल्या पेपरांच्या मथळ्यांत तर '-णार'चा पाऊस असतो. त्यानंतर '-ले' वाली: पडले, आले, गेले, सांगितले. 'झाड पडले' पण चालतं, 'खांब पडले' पण चालतं, म्हणून हे रूप सोयीचं. '-ला', '-ली', '-ल्या' वाल्यांकडे गरज पडली तरच जायचं.

मग क्रियापदापासून उलटं मागे यायचं. 'पडले' धरलं तर याच्या आधी बातमीत काय काय आहे जे पडू शकतं? बातमीत जे पडलं ते सोडून. हा प्रश्न पोरांना बरोबर कळतो. खांब पडले हे बातमीने सांगितलं, पण त्याच्या वर कुठेतरी 'दर' आहे, 'प्रश्न' आहे, 'दिवस' आहे, हे सगळे पडू शकतात. इथे पहिल्यांदा वर्गात कुजबुज सुरू होते.

आणि मोकळे शब्द वेगळे टिपून ठेवायचे, ज्यांना शेपटी लागत नाही ते. उशिरा, पुन्हा, कमी, बंद, जपून, जलद, केवळ, अद्याप. हे कुठेही बसतात, सोनं आहे सोनं.

एवढ्यावर बऱ्यापैकी काम होतं. पण खरी गंमत मला तिसऱ्या वर्षी कळली आणि तीही माझ्यामुळे नाही, एका पोराचा मार्कर घसरला म्हणून. त्याला 'पावसामुळे' पूर्ण ठेवायचं होतं, हात लागून 'मुळे' काळं झालं, तो रडकुंडीला येऊन म्हणाला, बाई, 'पावसा' राहिलं नुसतं, दुसरा कागद द्या. मी म्हटलं वाच. त्याने वाचलं, 'पावसा…' आणि थांबला. सगळ्या वर्गाला ऐकू आलं की तो पावसाला हाक मारतोय.

व्याकरणात हे आपण सगळ्यांनी शिकलेलं असतं आणि कधी वापरलेलं नसतं: एकवचनात सामान्यरूप (शेपटी लागताना नामाचं जे रूप होतं ते) आणि संबोधन (हाक मारायचं रूप) सारखंच. शेपटी झाकली की उरते ती हाक. रस्त्यावर, झाका 'वर', उरतं रस्त्या. धरणातून, झाका 'तून', उरतं धरणा. शाळेसमोर, शाळे. विहिरीत, विहिरी. 'जनतेस' मधला 'स' घालवा, जनते. ज्या शेपट्यांनी दोन वर्षं छळलं त्याच कापल्यावर बातमीतली प्रत्येक वस्तू मान वर करून बघायला लागली.

अनेकवचनात घोळ होतो, 'शेतकऱ्यांच्या' मधलं 'च्या' झाकलं तर 'शेतकऱ्यां' असं टिंब डोक्यावर घेऊन उभं राहतं. तिथे आमच्याकडे टिंब झाकायची परवानगी आहे, मग 'शेतकऱ्या' होतं. यावर शिक्षकांच्या एका कार्यशाळेत माझी जोरदार वादावादी झालेली आहे, एका सरांचं म्हणणं की ही फसवणूक. माझा नियम साधा आहे, झाकायला परवानगी, लिहायला नाही. टिंब झाकणं हे झाकणंच. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार झाकायचे नाहीत, अक्षर बदललं की तो शब्द बातमीतला राहिला नाही. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, मी ती इथे ओढते, तुम्हाला दुसरीकडे ओढायची तर ओढा.

आता दुसरी गंमत, ती मला जास्त आवडते. सरकारी थाटाच्या बातमीत 'करण्यात आले', 'देण्यात येणार', 'घेण्यात आली', 'सांगण्यात आले' यांचा सुळसुळाट असतो. कोणी केलं ते कधी कळत नाही, सगळं आपोआप करण्यात येतं. त्यातला 'ण्यात' आणि पुढचा शब्द झाका. कर. दे. घे. सांग. सोड. ठेव. काढ. जो शब्द अंग चोरून बसला होता तो एकदम समोरच्याला हुकूम सोडायला लागतो. '-णार' वरही हेच चालतं: धावणार मधलं धाव, थांबणार मधलं थांब. मेगाब्लॉकच्या बातमीत 'या स्थानकांवर थांबणार नाहीत' असं हमखास असतं, त्या वाक्याच्या पोटात एक 'थांब' आहे हे दिसल्यावर आमच्या वर्गातल्या एका मुलाने बाकावर हात आपटला होता. 'करावे', 'वापरावे' मधलं शेवटचं 'वे' झाकलं की करा, वापरा.

सगळीकडे लागू होत नाही हं. 'कळविण्यात' मधून 'कळवि' उरतं, ते काही खरं नाही. 'राहण्यात' मधून 'राह', ते हिंदीत जातं. असलं काही दिसलं की सोडून द्या, ओढूनताणून बसवू नका. आणि प्रत्येक ओळीत हाक-हुकूम करू नका, नाहीतर शाखेवरची कवायत वाटते. एका कवितेत दोन, फार तर तीन.

बरं, हसू पण येतं. 'कांद्याच्या दरात घसरण' यातून एकाने 'कांद्या, घसर' काढलं, वर्ग खो खो. पण आमच्याकडे कांदा पिकवणाऱ्या घरांतली पोरं आहेत, त्यातला एक म्हणाला, बाई हे नको. त्या गटाने मग खोडलं, मी काही बोलले नाही.

एक पूर्ण करून दाखवते

पेपरातली बातमी उचलून इथे छापत नाही, त्याच साच्यातली मी वर्गासाठी रचलेली देते. अशी बातमी तुम्हाला वर्षातून वीस वेळा दिसेल.

'शहराच्या पूर्व भागातील मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहणार आहे. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येणार आहे. नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा, पाणी जपून वापरावे व पालिकेस सहकार्य करावे, असे आवाहन पाणीपुरवठा विभागाच्या वतीने करण्यात आले आहे. दरम्यान, उंचावरील वस्त्यांना टँकरने पाणी देण्यात येणार असून, टँकरची वेळ संबंधित प्रभाग कार्यालयात कळविली जाईल.'

पोरांचा पहिला प्रयत्न नेहमी असा येतो:

पाणीपुरवठा बंद
पाणी जपून वापरावे
टँकरने पाणी

ही बातमीच आहे, छोटी केलेली. सारांश लेखनाचा प्रश्न सोडवल्यासारखी. मुलांना इतकी वर्षं आपण सारांशच लिहायला शिकवलेलं असतं, त्यांचा काय दोष. असं आलं की मी एकच विचारते, बातमीला हे माहीत होतं ना? मग तू काय नवीन सांगितलंस?

आता क्रियापदांपासून. 'घेण्यात' मध्ये 'घे' आहे, त्याच्या आधी 'हाती' आहे, म्हणजे 'हाती घे' तयार. काय हाती घे? पुढे बघायचं. 'गुरुवारी' नाही जमत. 'दिवसभर' मधलं 'भर' झाकलं तर 'दिवस'. हाती घे दिवस. कोणी? वर सुरुवातीलाच 'शहराच्या' आहे, 'च्या' झाका. असं करत करत एका मुलीच्या हातून हे झालं:

शहरा,
हाती घे
दिवस.
उशिरा
पाणी येणार.
जपून.
उंचावरील वस्त्यांना
वेळ
कळविली जाईल.

स्वल्पविराम आणि पूर्णविराम मी इथे वाचायला सोपं जावं म्हणून टाकलेत, कागदावर ते नव्हते.

शेवटावरून आमचं बरंच झालं. त्या शेवटच्या वाक्यात तीन कविता आहेत, मोजून बघा. 'उंचावरील वस्त्यांना पाणी दे' ही एक. 'उंचावरील वस्त्यांना दे वेळ' ही दुसरी. आणि तिने ठेवलेली तिसरी. मला पहिली आवडली होती, मी तसं सांगितलंही, सुरुवातीला 'घे' आहे तर शेवटी 'दे' येऊ दे, छान जुळतं. तिने ऐकलं नाही. तिचं घर टेकडीवरच्या वस्तीत आहे. म्हणाली, बाई, आमच्याकडे कोणी 'दे' म्हणत नाही, वेळ कळवतात. पुढे मी काय बोलणार. कविता फलकावर लागली तेव्हा शिपाईमामा ती दोनदा वाचून गेले, तेही तिथलेच.

तेव्हा जुळतंय म्हणून शेवट करू नका. यमकाचंही तेच. 'आले, झाले, गेले' असं तीन ओळींत करून 'बाई यमक जुळलं' म्हणून नाचत येणारं एक तरी पोर असतंच. पेपरच्या मराठीत निम्मी वाक्यं '-ले'ने संपतात, तिथे यमक जुळलं यात कसली बहादुरी. मी सरळ बंदी घातलीये. ज्याला फारच खुमखुमी आहे त्याला मी मोठ्या अभंगाचा हिशोब देते, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, आणि सगळे शब्द बातमीतून, ओळीने. दोन दिवस शांतता.

मार्कर

पेन्सिलने सगळं पक्कं झाल्याशिवाय मार्करचं टोपण उघडायचं नाही, मी मार्कर माझ्याकडेच ठेवते आणि पेन्सिलची कविता मोठ्याने वाचून दाखवली की देते. वाचताना अडखळलं तर परत जागेवर.

मराठीत काळं करताना शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही माल असतो हे लोक विसरतात. जाड मार्करने वरची ओळ झाकताना खालच्या ओळीच्या मात्रा, रफार, वेलांट्या जातात, आणि खालची ओळ झाकताना वरच्याचे उकार. 'पूर'चा 'पर' होतो. एकीच्या कवितेत शेवटी 'मोर' होता, झाडाखाली उभा, इतकी सुंदर जागा, मात्रा गेली आणि 'मार' झाला, कविता गावगुंडाची झाली. तेव्हा ठेवायच्या शब्दाभोवती आधी बारीक पेनने चौकोन, वरखाली मोकळी जागा सोडून, मग त्या चौकोनाच्या बाहेर जाड मार्कर. शेपटी झाकायची असेल तिथे बारीक पेनच, शिरोरेषा जिथे तोडायची तिथे आधी उभी रेघ मारा. खिडक्या उघड्या ठेवा, चाळीस मार्करांचा वास डोक्यात जातो.

पूर्ण काळंच करायला पाहिजे असं काही नाही. पाण्याच्या बातमीवर निळ्या आडव्या रेघा, मेगाब्लॉकवर रूळ, असं पोरं स्वतःहून करतात. करू दे, पण आधी कविता. चित्र छान झालं की कविता पोकळ आहे हे लपतं, आणि पोरांना हे बरोबर कळलेलं असतं.

वाचणं, शीर्षक, श्रेय

शीर्षकही बातमीतूनच, शक्यतो मथळ्यातला एखादा उरलेला शब्द. नाही सापडलं तर नको.

वाचताना एक गोष्ट होते. छापलेलं असतं 'पडले', पोरगं वाचतं 'पडलं', घरात तसं बोलतात म्हणून. मी दुरुस्त करत नाही. छापलंय त्याचं आहे, वाचलंय याचं आहे.

खाली पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक लिहायचा, विद्यार्थ्याच्या नावाच्या आधी. शब्द कुणा वार्ताहराने रात्री उशिरा बसून टाईप केलेले असतात, आपण फक्त निवडले. बातमीखाली त्याचं नाव छापलेलं असेल तर तेही. फलकावर लावताना कवितेशेजारी न झाकलेली बातमीही लावा, म्हणून तर झेरॉक्स दोन काढायच्या. लोक आधी काळी वाचतात, मग पांढरी, मग परत काळी.

आणि फलक ट्यूबलाईटच्या जवळ असेल तर सुट्टीत लक्ष ठेवा. पोरं एकमेकांचे कागद टाचणीतून काढून उजेडाकडे धरतात, मार्करच्या मागे छापील अक्षर आरपार दिसतं, आणि कोणी हळूच एखादा शब्द स्वतःच्या हाताने लिहून घुसडलाय का ते तपासतात. मागच्या वर्षी दोन सापडले, एकाने 'आई' लिहिलं होतं.